पोलिसानं नोंदवावं, मोजणाऱ्यानं मोजावं

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या गावात शेतकऱ्यानं विष घेतल्याची खबर पोलीस पाटील ठाण्याला देतो आणि ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. हवालदार गावात जातो, पंचनामा करतो, प्रेत शवविच्छेदनाला पाठवतो, घरच्यांचे जबाब घेतो. हे पोलिसांचं मूळ काम. ते नीट झालं तर त्या मृत्यूबद्दल समाजाला जे कळायला हवं ते सगळं एका जागी लिहिलेलं असतं.

पण त्या एका मृत्यूची मोजणी इथून पुढे अनेक वाटांनी सुरू होते. तलाठी आपला अहवाल तहसीलदाराकडे पाठवतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते आणि त्यासाठी पोलिसांचे कागद मागवते. पात्र ठरलं तर २००५-०६ च्या शासन निर्णयांप्रमाणे कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपानं. पुढे छत्रपती संभाजीनगरचं विभागीय आयुक्तालय मराठवाड्याची बेरीज करतं. दुसऱ्या वाटेनं हाच मृत्यू ठाण्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाला आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोकडे जातो. अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा देशाचा अहवाल १९६७ पासून निघतो आणि १९९५ पासून त्यात शेतकऱ्यांची वेगळी गणना होते. अधिवेशन आलं की तारांकित प्रश्नाच्या निमित्तानं तिसरी विचारणा येते. एकाला कॅलेंडर वर्षाचा आकडा हवा असतो, दुसऱ्याला आर्थिक वर्षाचा. एकाला तालुकानिहाय हवा असतो, दुसऱ्याला मतदारसंघनिहाय. जालना जिल्ह्यात तालुके आठ आहेत, विधानसभेचे मतदारसंघ पाच, आणि पोलीस ठाण्यांच्या हद्दी या दोन्हींशी जुळत नाहीत. मग ठाण्यातला गुन्हे कारकून वही पुन्हा उघडतो, गावागावांची नावं बोटानं शोधतो आणि तेच मृत्यू नव्या रकान्यांत मांडतो.

माझं म्हणणं असं की पोलिसाचं काम नोंद करण्याचं आहे, मोजणीचं नाही. घटना एकदा, खरी, पूर्ण आणि वेळेवर नोंदवावी, ही त्याची जबाबदारी. त्या नोंदीतून कोणता तक्ता काढायचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या हद्दीचा, हे ज्याला तक्ता हवा त्यानं आणि सांख्यिकीचं शिक्षण घेतलेल्या माणसानं बघावं. आज या दोन कामांची सरमिसळ झाली आहे. तिचा भुर्दंड आधी तपासाला आणि शेवटी आकड्यांच्या खरेपणालाच बसतो.

ही सरमिसळ जुनी आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ मध्ये पोलीस पाटलाची कर्तव्यं सांगताना दंडाधिकारी मागतील ती विवरणपत्रं आणि माहिती पुरवणं हे कलम अगदी सुरुवातीलाच येतं. देशपातळीवर ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. राष्ट्रीय पोलीस आयोग आणि टंडन समितीच्या शिफारशींनंतर १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो स्थापन झाला. त्यामागचा विचार चांगला होता. गुन्ह्यांची माहिती एका ठिकाणी यावी, गुन्हेगाराचा माग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लागावा, हा तो विचार. संगणक आले तसे एकामागून एक प्रकल्प आले आणि २००९ मध्ये ‘क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टिम्स’ म्हणजेच सीसीटीएनएसला केंद्राची मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात ती यंत्रणा २०१५ मध्ये सुरू झाली. आज जालना जिल्ह्यातलं गोंदी ठाणं असो, पारध असो की सेवली, फिर्याद संगणकावर नोंदवली जाते आणि ठाण्यात सीसीटीएनएस अंमलदार असतो.

या यंत्रणेची रचना पाहिली तर प्रश्न अधिकच टोचतो. प्रथम खबरी अहवाल, गुन्ह्याचा तपशील, अटक, मुद्देमाल जप्ती, दोषारोपपत्र, न्यायालयाचा निकाल आणि अपील असे सात एकात्मिक तपास नमुने तिच्यात आहेत. पीडिताचं वय, लिंग, जात-प्रवर्ग, घटनेची जागा, वेळ, लावलेली कलमं, आरोपीची माहिती, मालाची किंमत, सगळं तिथे आहे. महिन्याकाठी ठाण्याकडे मागितल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या सात नमुन्यांत असतात. फौजदारी न्यायाच्या सर्व यंत्रणा जोडणाऱ्या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा ‘एक माहिती, एकदाच भरणा’ हेच त्याचं तत्त्व म्हणून जाहीर झालं. तत्त्व योग्य आहे आणि त्यासाठी पैसाही दिला गेला. तरी विहित नमुन्यात माहिती सादर करण्याची पत्रं, त्यामागून स्मरणपत्रं आणि व्हॉट्सअॅपवर ‘आज सायंकाळपर्यंत’ असे निरोप येतच राहतात. घटना नसली तरी निरंक अहवाल द्यावाच लागतो.

असं का होतं? पहिलं कारण असं की आकडे मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि त्या कोणी जुळवून दिलेल्या नाहीत. एका फिर्यादीत अनेक कलमं असली तरी ब्युरोच्या मुख्य तक्त्यात सगळ्यांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम लागलेल्या खुनाकडे समाजकल्याण विभाग वेगळ्या नजरेनं बघतो आणि त्याला त्याचा आकडा हवा असतो. दोन आकडे जुळत नाहीत, म्हणून खुलासा मागणारं तिसरं पत्र येतं. दुसरं कारण अविश्वास. वरच्या कार्यालयाला संगणकातल्या नोंदीवर भरवसा नसतो, म्हणून ते ठाण्याकडून सही-शिक्क्याचा कागद मागतं. ठाण्यालाही ठाऊक असतं की शेवटी कागदच बघितला जाणार आहे, म्हणून संगणकातली नोंद अपुरी राहते. अविश्वासातून अपुरी नोंद आणि अपुऱ्या नोंदीतून पुन्हा अविश्वास. तिसरं कारण म्हणजे नमुना सुरू करण्याचा अधिकार अनेकांना आहे, तो बंद करण्याची जबाबदारी कोणावरच नाही. एखाद्या वर्षी एखाद्या घटनेनंतर सुरू झालेला तक्ता, ती घटना लोक विसरले तरी, दर महिन्याला भरला जातो.

रस्ते अपघातांचं उदाहरण जालन्यापुरतं तरी अगदी समोरचं आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जिल्ह्यातून वेगवान वाहतूक धावू लागली. अपघात झाला की स्थानिक ठाणं फिर्याद नोंदवतं. त्याशिवाय एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणालीच्या अॅपवर जागेवरून छायाचित्रांसह माहिती भरायची असते. ही प्रणाली सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आली त्यात महाराष्ट्र होता. ती उपयोगी आहे. कोणत्या वळणावर माणसं मरतात हे तिच्यातून कळतं. पण जी माहिती अॅपवर गेली, तीच पुन्हा महामार्ग पोलीस, परिवहन विभाग आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी वेगळ्या तक्त्यांत जात असेल, तर अॅपचा फायदा ठाण्याला काय झाला? नवं साधन जुन्याची जागा घेत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसतं. गोदावरीकाठच्या अंबड-घनसावंगी पट्ट्यातल्या अवैध वाळूचंही असंच. महसूल खात्याची कारवाई वेगळी, पोलिसांचा गुन्हा वेगळा, आणि दोघांची आकडेवारी जुळवायचं काम पुन्हा तहसील आणि ठाण्यातल्या कनिष्ठ माणसाकडे.

पोलीस नेहमीच कामाच्या बोजाची तक्रार करतात, असं कोणी म्हणेल. पण या तक्त्यांना लागणारा वेळ नेमका कशातून जातो ते बघावं. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. आंदोलनं, सण, यात्रा, निवडणुका यांचा बंदोबस्त ठाण्याच्या मनुष्यबळातूनच जातो. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर तर हा जिल्हा राज्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू झाला आणि तिथला ताण अनेक महिने उतरला नाही. याच काळात नवे फौजदारी कायदे आले. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी बोलवायचं आहे. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. आरोपी कोठडीत असेल तर साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही की तो जामिनाला पात्र ठरतो. ही सगळी कामं नागरिकाच्या हक्काची आहेत आणि ती वाढलीच पाहिजेत. ज्या अंमलदारानं ती करायची, त्याच्याच टेबलावर मासिक तक्ते पडून असतील तर आधी काय होईल? पत्राला तारीख असते, पत्रामागे वरिष्ठ असतो. घनसावंगीतल्या त्या शेतकऱ्याच्या विधवेच्या मागे कोणी नसतं. म्हणून तक्ता आधी जातो आणि तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचे कागद मागे राहतात.

वेळेहून मोठं नुकसान खरेपणाचं आहे. आकडा ठाण्याच्या हातानं भरला जातो आणि त्याच आकड्यावर ठाण्याची परीक्षा होते. मासिक गुन्हे आढावा बैठकीत गुन्हे वाढले का, उघडकीचं प्रमाण किती, असं विचारलं जातं. परीक्षार्थ्यानंच स्वतःचे गुण लिहावेत अशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यात सरळ माणसावरही दबाव येतो. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानं पोलिसांचं काम आकड्यांवरून जोखण्यावर टीका केली होती. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं स्पष्ट दाखवलं की गुन्हेगारीचे आकडे कमी दिसावेत या धडपडीतून फिर्यादी नोंदवून घेतल्या जात नाहीत. त्यानंतरही प्रश्न इतका चिघळला की १२ नोव्हेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाला ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं बंधनकारक असल्याचा निर्णय द्यावा लागला. गुन्ह्यांत वाढ होणं आणि गुन्ह्यांच्या नोंदीत वाढ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ब्युरो स्वतः सांगतो. केरळसारखं राज्य आकड्यांत वर दिसतं ते मुख्यतः तिथे नोंद होते म्हणून. तरीही आपण ठाण्याला आकड्यावरून शाबासकी किंवा ताशेरे देतो आणि नोंद टाळण्याचं कारण त्याच्या हातात देतो.

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे, कारण तिथे हा प्रश्न दोन्ही अंगांनी तपासला गेला. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासातल्या गंभीर चुकांवर १९९९ मध्ये मॅक्फर्सन चौकशी अहवाल आला. पोलिसांनी रस्त्यात थांबवलेल्या माणसांची नोंद करावी आणि त्या माणसाला नोंदीची प्रत द्यावी, अशी शिफारस त्यात होती. त्यातून लांबलचक नमुने तयार झाले. २००८ मध्ये सर रॉनी फ्लॅनगन यांनी पोलिसांच्या कामाचा आढावा घेताना असे नमुने कमी करण्याची शिफारस केली. २००९ मध्ये गृहखात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी सर डेव्हिड नॉर्मिंग्टन यांनी पोलिसांवरचं माहिती-संकलनाचं ओझं कमी करण्यावर स्वतंत्र अहवाल दिला. सरकारच्या गृहखात्यानंच आपण पोलिसांकडे किती माहिती मागतो याचा हिशेब मांडावा, ही गोष्ट आपल्याकडच्या गृहखात्यांनी लक्षात घ्यावी. पण गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यांचा अधिकृत राष्ट्रीय सांख्यिकी हा दर्जा काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयानं दाखवलं की पोलिसांपर्यंत आलेल्या गुन्ह्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा नोंदलाच जात नव्हता. याचा अर्थ असा की नमुने कमी करण्याला बाहेरून होणाऱ्या तपासणीची जोड नसेल तर ओझ्याबरोबर उत्तरदायित्वही उतरून जाईल.

म्हणून काही मोजणी कधीच कमी होऊ नये, हे आधीच ठरवलं पाहिजे. कोठडीतल्या मृत्यूची माहिती चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायची असते. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांसाठी जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं. लैंगिक अत्याचाराच्या तपासाची प्रगती पाहण्यासाठी २०१९ पासून स्वतंत्र प्रणाली आहे. ज्यांचा आवाज गावात दाबला जातो त्यांच्यासाठी हा आकडा हाच पुरावा असतो. शेतकरी आत्महत्यांचा आकडाही तसाच. कोणत्याही पक्षाच्या सरकारला तो नकोसा असतो आणि म्हणूनच तो हवा. ‘पोलिसांचं ओझं कमी करतो’ असं म्हणत हे आकडे बंद करायचा प्रयत्न झाला तर त्याला विरोध केला पाहिजे. आपल्याला कमी करायचं आहे ते तेच तेच विचारणं.

त्यासाठी मुंबई-दिल्लीची वाट बघण्याची गरज नाही. पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांनी ठरवलं तर सुरुवात जालन्यातून होऊ शकते. पहिलं काम, सर्व ठाण्यांत एक महिनाभर, कोणी कोणती माहिती मागितली, कशासाठी, आणि ती सीसीटीएनएसमध्ये आधीच आहे का, याची यादी करावी. ती यादी जाहीर करावी. माझी खात्री आहे की यादी समोर आली की निम्मा वाद तिथेच मिटेल. दुसरं काम, ठाण्याला थेट पत्र लिहिण्याची मुभा कोणत्याही खात्याला राहू नये. मागणी अधीक्षक कार्यालयातल्या एका कक्षाकडे यावी, त्यानं ती संगणकातल्या नोंदींतून पुरी करावी आणि जी माहिती तिथे नाही तीच फक्त ठाण्याकडे विचारावी. तिसरं, प्रत्येक नमुन्याला मुदत असावी. वर्षभरानं ज्याचा उपयोग दाखवता येणार नाही तो आपोआप बंद व्हावा. चौथं, निरंक अहवाल रद्द करावेत. संगणकात नोंद नाही म्हणजे घटना नाही, असं धरावं. नोंद टाळली असं पुढे उघड झालं तर त्याची कडक जबाबदारी मात्र ठरवावी.

पाचवी सूचना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जालन्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सांख्यिकी कार्यालय आहे. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी तेच काढतं. मोजणीचं शिक्षण घेतलेली माणसं तिथे आहेत. नावं-पत्ते झाकून गुन्ह्यांच्या नोंदी या कार्यालयाला मिळाव्यात आणि तक्ते त्यानं करावेत. पोलिसांचा आकडा पोलिसांच्या हातून गेला की त्यावरचा संशयही कमी होईल आणि ठाण्याचा वेळही वाचेल. याच कार्यालयानं दरवर्षी काही फिर्यादी निवडून तक्रारदार काय म्हणाला आणि ठाण्यात काय नोंदलं गेलं याची पडताळणी करावी. केंद्रानं एखाद्या विषयाची माहिती गोळा करण्याचा आदेश काढला असेल, तर ते संकलन पूर्ण होईपर्यंत राज्यानं त्याच विषयावर तसाच आदेश काढू नये, अशी तरतूद २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. व्यापारी आणि नागरिक यांना जे संरक्षण कायदा देतो, ते हवालदारालाही मिळायला हवं.

लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, त्याचं काय? तो हक्क कमी होऊ नये. पण ठाणेनिहाय आकडे दर महिन्याला जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर आले, तर आमदारांना, पत्रकारांना, कार्यकर्त्यांना पत्र पाठवावंच लागणार नाही. लोकांना अर्ज करावा लागू नये इतकी माहिती प्रशासनानं आपणहून जाहीर करावी, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ २००५ पासून सांगतं. सध्या एवढं सगळं मागवूनही देशाचा २०१७ चा गुन्हे अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. जो आकडा दीड-दोन वर्षांनी परत येतो, त्याचा उपयोग टेंभुर्णीच्या ठाणेदाराला आपली रात्रीची गस्त ठरवण्यासाठी होत नाही. ज्यानं माहिती दिली त्याला ती वेळेत आणि उपयोगी रूपात परत मिळाली, तर तो ती अधिक काळजीनं भरेल.

आढावा बैठकीतले प्रश्नही बदलले पाहिजेत. गुन्हे किती वाढले हा प्रश्न मागे घ्यावा. त्याऐवजी विचारावं की पीडिताला नव्वद दिवसांत कळवलं का, दोषारोपपत्र मुदतीत गेलं का, मुद्देमाल मालकाला परत मिळाला का, तक्रार घेऊन आलेल्या बाईला ठाण्यात किती वेळ बसवून ठेवलं. या प्रश्नांची उत्तरं नोंदीतून मिळतात आणि ती चांगली यावीत म्हणून फिर्याद नाकारण्याचं कारण उरत नाही.

राज्यकर्त्यांनी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एवढी शिस्त स्वतःला लावून घ्यावी: जी माहिती आपल्याकडे आधीच आहे ती पुन्हा मागायची नाही, आणि मागितलेल्या प्रत्येक आकड्याचं पुढे काय केलं ते सांगायचं. एका ठाण्याचा एक अंमलदार तक्त्यांतून मोकळा झाला तर तो गावात जाईल, जबाब नीट घेईल, पंचनामा घाईत उरकणार नाही. अशा नोंदींतूनच खरा आकडा तयार होतो. म्हणून पोलिसांवरचं मोजणीचं ओझं उतरवणं हे आकड्यांच्याच हिताचं आहे आणि त्याहून अधिक त्या नोंदीवर ज्यांचा न्याय अवलंबून आहे त्यांच्या हिताचं आहे.